केसपेपरवरचं ‘नाही’

“हे ‘नाही’ तुम्ही लिहिलंत का?”

उपअधीक्षकांनी केसपेपर माझ्याकडे सरकवला आणि पेनाच्या टोपणाने एका ओळीवर टकटक केलं. औषधांची ॲलर्जी: नाही. छापलेली अक्षरं होती, स्वच्छ, काळी, कुठे खाडाखोड नाही. मी सांगितलं की मी काहीच लिहिलं नाही, ती जागा रिकामी सोडली. बाई बेशुद्ध होती. बसच्या पायऱ्यांवरून पडली होती आणि तिला आणून सोडणारा माणूस तिचं नावही न विचारता निघून गेला होता. विचारणार कुणाला?

“मग हे छापलं कुणी?” मेट्रननी विचारलं. मेट्रन तशा बाई चांगल्या, माझ्या सुट्ट्यांना त्यांनी कधी नाक मुरडलं नव्हतं. पण समोर कागद असला की माणूस माणसाकडे बघत नाही, हे मी एकोणीस वर्षं नोंदणीच्या खिडकीत बसून शिकले होते.

ती बाई शिवणकाम करायची. कपाळाला टाके पडले, दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, मुलगी येऊन बसली, सगळं ठीक चाललं होतं. तिसऱ्या दिवशी जखम चिघळली आणि ताप भरला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी केसपेपर पाहिला, ‘नाही’ वाचलं आणि इंजेक्शन दिलं. दहाव्या मिनिटाला तिचा घसा मिटला. गळ्यात नळी घालून तिला वाचवलं, पण सहा दिवस ती यंत्रावर होती आणि उठली तेव्हा तिचा आवाज गेलेला होता. त्या औषधाचं तिला वावडं आहे हे तिच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मुलगी दोन दिवस उशाशी बसली होती, तिला एका शब्दाने कुणी विचारलं नाही. कागदावर ‘नाही’ असताना पुन्हा कोण विचारतो? मुलीने तक्रार केली. तिच्या जागी मी असते तर मीही केली असती, आणि जरा मोठ्या आवाजात केली असती.

मला खिडकीवरून उठवून तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. पंधरा दिवसांनी निर्णय होणार होता, आणि तो काय होणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. न विचारताच ‘नाही’ ठोकून दिलं, अशी बाई खिडकीत कशी ठेवायची? चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतात, पण मला तर चोरही दिसत नव्हता.

खरं तर ती जागा रिकामी सोडून काय छापलं जातं, हे एकदा करून बघितलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण तसं करायची सोय राहिली नव्हती. त्या प्रकारानंतर कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांनी तत्परता दाखवून प्रोग्राम बदलला होता. आता ती जागा भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. या साहेबांना सगळे ‘रीस्टार्ट’ म्हणायचे, कारण कुठलीही तक्रार नेली तरी ते हाच एक उपाय सांगत. जुना प्रोग्राम पुन्हा चालवून बघा असं मी सुचवलं, तर ते म्हणाले, गरज नाही. त्या ठिकाणी रिकामं असं काही येऊच शकत नाही, तसं लेखी आहे. आणि त्यांनी चौकशीच्या कागदांना एक छापील पान जोडलं. ते परक्या भाषेत होतं आणि त्यात कंस फार होते. माझ्याविरुद्धचा पुरावा मलाच वाचता येत नव्हता.

सगळ्या कागदांची एक प्रत मला मिळाली. ती मी घरी आणली आणि तात्यापुढे टाकली.

तात्या माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून म्हाताऱ्यासारखा वागायचा म्हणून तात्या. सात वर्षांचा असताना तो स्वतःच्या चपला सरळ रेषेत ठेवून मग दुसऱ्यांच्याही ठेवायचा. माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. त्याने लग्न केलं नाही. पुठ्ठ्यांची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळतो, ते पोटापुरतं. त्याचं खरं काम पहाटे पाच ते साडेसात. त्याचा त्याला एक पैसा मिळत नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला हा माणूस अकरा वर्षं गजर लावून उठत होता.

काय करतोस, असं मी सुरुवातीला विचारलं होतं आणि त्याने इतकं सविस्तर सांगितलं होतं की मी पुन्हा विचारलं नाही. त्यातून मला कळलं ते एवढं. लोक कॉम्प्युटरवर अर्ज भरतात. भरलेलं बरोबर आहे का, म्हणजे वयाच्या जागी वयच आहे का, तारखेच्या जागी तारीख आहे का, हे तपासणारा एक प्रोग्राम कुणीतरी एकदाच लिहून ठेवला आहे. जगभरचे प्रोग्रामर तो फुकट घेऊन आपापल्या कामाला जोडतात, आणि अशा तयार मालाला ते लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी लिहिणारा माणूस दूर कुठे राहतो. तात्या त्याला गुरुजी म्हणतो, दोघं कधी भेटलेले नाहीत. तपासणी झाल्यावर हातात काय काय पडू शकतं याची यादी मात्र तात्या लिहितो. इथे मजकूर येईल, इथे आकडा येईल, इथे हे येईल किंवा ते येईल. तिला टाइप डेफिनिशन म्हणतात. प्रोग्रामर लिहायला बसला की त्याचा कॉम्प्युटर तात्याची यादी वाचत असतो, आणि यादीतल्या एखाद्या गोष्टीची सोय करायची राहिली असेल तर त्या ओळीखाली लाल रेघ मारतो. यादीत जे नाही, त्याबद्दल कॉम्प्युटर गप्प बसतो.

तात्याने कागद एकेक करून वाचले. वाचताना मला विचारलं, “रिकामं सोडलंस म्हणजे नक्की काय केलंस? शेजारचं ‘नाही’चं बटण दाबलंस?”

“बटण कशाला दाबू? हातच लावला नाही मी तिथे.”

मग तो शेवटच्या पानावर आला. कंसांच्या पानावर. ते त्याने वाचलं नाही, नुसतं बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला. मी भाजी चिरत होते. झोपलास का, असं मी विचारलं, तर त्याने ते पान माझ्यापुढे धरलं आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात त्याचं नाव होतं.

मला समजावं म्हणून त्याने तीन वाट्या मांडल्या. एकीत मिरची ठेवली, म्हणजे माणसाने औषधाचं नाव सांगितलं. दुसरी पालथी घातली, म्हणजे माणूस स्वतः ‘नाही’ म्हणाला. तिसरी तशीच रिकामी, म्हणजे कुणी विचारलंच नाही. लायब्ररी या तिन्ही वाट्या वेगळ्या ठेवते, असं तो म्हणाला. पण त्याने यादी लिहिली तेव्हा दोनच लिहिल्या होत्या. हॉस्पिटलचा प्रोग्राम ज्याने लिहिला त्याने यादीप्रमाणे दोन्हींची सोय केली, नाव असलं तर नाव छाप, नसलं तर ‘नाही’ छाप, आणि कॉम्प्युटरने त्याला अडवलं नाही. अडवण्यासारखं यादीत काही नव्हतंच.

“तिसरी का नाही लिहिलीस?” मी विचारलं.

“करून बघितली नाही. दोन करून बघितल्या, बरोबर आल्या. तिसरी येणारच नाही असं धरून चाललो.”

मला त्याचा राग आला. शेजारच्या चपला सरळ करणारा हा माणूस, भाजीवाल्याची बेरीज पुन्हा करणारा, आणि नेमकी हीच ओळ धरून चालला? दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. जेवण वाढायचे आणि आतल्या खोलीत जाऊन बसायचे. तळघरात जुने कागद लावताना मला दर तासाला त्या शिवणकामवाल्या बाईचा घसा आठवायचा, आणि तो माझ्या भावाच्या एका सकाळच्या घाईपायी मिटला हे कुणाला सांगावं ते कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने सुट्टी काढली आणि माझ्याबरोबर हॉस्पिटलात आला. उपअधीक्षकांना त्याने लेखी पत्र दिलं, चूक माझ्या यादीत आहे, बहिणीने जागा रिकामीच सोडली असणार. उपअधीक्षकांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

“तुम्ही यांचे सख्खे भाऊ ना?”

एवढं विचारूनच त्यांनी पत्र फाइलमध्ये ठेवलं. रीस्टार्ट तर हसलेच. जगात प्रसिद्ध झालेली यादी दोन म्हणते आणि घरचा माणूस तीन म्हणतो, तर खरं कोण, असं त्यांनी विचारलं. इथेच घोडं पेंड खात होतं. जोवर ती यादी तशीच होती, तोवर तात्याचा शब्द तात्याविरुद्धच साक्ष देत होता.

यादी बदलणं त्याच्या हातात होतं. एक बटण दाबायचं, नवी यादी जगभर. पण तसं करायचं नाही असा लायब्ररीवाल्यांचा दंडक होता. लोकांच्या चालू कामात लाल रेघा उमटवील असा बदल मध्येच करायचा नाही, पुढची मोठी आवृत्ती येईपर्यंत थांबायचं. त्याने गुरुजींना लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, ते त्याने मला वाचून दाखवलं. चूक खरी आहे, गुरुजींनी लिहिलं होतं, पण आज बदललं तर हजारो लोकांचं काम एका सकाळी अडेल. मोठी आवृत्ती आठ महिन्यांवर आहे. तोवर थांब.

आठ महिने. माझ्याकडे सहा दिवस उरले होते.

आता मी जे सांगते ते मला शोभत नाही, पण सांगते. त्या संध्याकाळी मी त्याला ‘नको करूस’ असं म्हणायला हवं होतं. मला कळत होतं की या माणसाला दुसरं काही नाही. कारखान्यात त्याला कुणी ओळखत नाही, नातेवाइकांत तो विक्षिप्त म्हणून गणला जातो, आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक मात्र अडलं की त्याला विचारतात. ते सगळं तो माझ्यासाठी पणाला लावणार होता आणि मी ताटं उचलत राहिले. ‘कर’ असं मी म्हटलं नाही. ‘नको’ असंही म्हटलं नाही. मला माझी खिडकी परत हवी होती.

“तुझ्या एकटीसाठी नाही करत,” तोच म्हणाला. “अशा किती ठिकाणी ‘नाही’ छापलं जात असेल, मला माहीत नाही. आठ महिने ते छापलं जाऊ द्यायचं का?”

सकाळी तो नेहमीसारखा पाचला उठला. नव्या यादीबरोबर एक चिठ्ठी द्यावी लागते, काय बदललं त्याची. लोक त्यात एखादी ओळ लिहितात. याने आठ लिहिल्या. ही यादी मी अकरा वर्षांपूर्वी लिहिली. तेव्हा तीनपैकी दोनच प्रकार तपासले. चूक माझी आहे, लायब्ररीची नाही. या बदलाने तुमच्याकडे लाल रेघा येतील, त्याबद्दल क्षमा मागतो. पण प्रत्येक रेघ उघडून बघा, तिथे एक न विचारलेला प्रश्न आहे. अशासारखं काहीतरी. सात वाजायच्या सुमाराला त्याने बटण दाबलं, कॉम्प्युटर झाकला, दाढी केली आणि डबा घेऊन कारखान्याच्या बसला गेला.

चौथ्या दिवशी चौकशीची शेवटची बैठक होती. मी त्यांना एवढीच विनंती केली की तीच यादी आज पुन्हा काढून बघा. रीस्टार्ट नाराज झाले, पण मेट्रन म्हणाल्या, बघायला काय जातंय. रीस्टार्टनी लॅपटॉप उघडला, जुना प्रोग्राम काढला आणि नवी यादी मागवली. थोडा वेळ गेला. मग पडद्याच्या कडेला लाल खुणा उमटायला लागल्या आणि उमटतच राहिल्या. रीस्टार्ट पुढे वाकले. एकेचाळीस, असं ते स्वतःशीच म्हणाले. त्यातली एक त्यांनी उघडली.

“काय म्हणतंय?” उपअधीक्षकांनी विचारलं.

“म्हणतंय की, रिकामं आलं तर काय करायचं ते सांगितलेलं नाही.”

“म्हणजे रिकामं येऊ शकतं?”

रीस्टार्टनी जुना प्रोग्राम चालवला, एक खोटं नाव टाकलं, ॲलर्जीच्या जागेला हात न लावता पुढे गेले आणि छपाईचं बटण दाबलं. कोपऱ्यातल्या प्रिंटरमधून कागद आला. तो उचलायला कुणी उठेना, म्हणून मेट्रन उठल्या. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. उपअधीक्षकांनी मात्र उरलेल्या चाळीस रेघा कुठे कुठे आहेत ते विचारायला सुरुवात केली. रक्तगट, गरोदरपण, आधीची शस्त्रक्रिया. रीस्टार्ट वाचत गेले आणि त्यांच्या कपाळाला घाम फुटला. मला बाहेर थांबायला सांगितलं.

आठवड्याने पत्र आलं. आपल्यावरील ठपका मागे घेण्यात येत आहे. एका ओळीचं पत्र, क्षमा वगैरे काही नाही, पण मी कुठे तिची वाट बघत होते? मी खिडकीत परत बसले. शिवणकामवाल्या बाईचा आवाज थोडा थोडा परत आला, घोगरा. एकदा ती तपासणीला आली तेव्हा मुलीने मला लांबून ओळखलं आणि मान हलवली. मी तात्याचं नाव तिला सांगितलं नाही. ते भित्रेपणाचं होतं की शहाणपणाचं, अजून ठरवता आलेलं नाही.

तात्याकडे तीन दिवसांत चारशेच्या वर पत्रं आली. काहींनी नुसत्या शिव्या दिल्या, त्या परक्या भाषेत असल्या तरी मला ओळखता आल्या. काहींचं म्हणणं पडलं, जगाची झोप उडवून याला बहिणीची वकिली करायची होती. ते कुठून बाहेर फुटलं कोण जाणे. अकराजणांनी मात्र लिहिलं की रेघ उघडली आणि खरंच सापडलं. त्यांतला एक मुलांना पोहायला शिकवणाऱ्या तलावाचा होता. त्याच्या अर्जात विचारलं होतं, फिट येते का, आणि रिकाम्या जागी इतकी वर्षं ‘नाही’ जात होतं. ते पत्र तात्याने दोनदा वाचलं.

गुरुजींनी पाचव्या दिवशी नवी यादी मागे घेतली आणि जुनी परत लावली. तिसरी वाटी मोठ्या आवृत्तीत येईल, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं. आणि ज्यांना यादीत बदल करून प्रसिद्ध करता येतो त्या माणसांमधून तात्याचं नाव काढलं. पत्र सभ्य होतं. अकरा वर्षांबद्दल त्यांनी आभार मानले होते, आणि दंडक सगळ्यांना सारखा असं लिहिलं होतं. तात्या म्हणाला, बरोबर आहे, मीही हेच केलं असतं. मला ते बरोबर वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्यानंतर गजर लावायचं त्याने बंद केलं, पण जाग पाचलाच यायची. उठून तो खिडकीशी उभा राहायचा, मग भांडी लावायचा. कधी नव्हे ते माझ्या आधी त्याचा चहा होऊ लागला. मी बोलावं तर काय बोलावं? माझी नोकरी टिकली आणि त्याची सकाळ गेली, हे दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही चहा छान झालाय म्हणायचो. एकदा मी धीर करून म्हटलं, माझ्यामुळे झालं हे सगळं. तो म्हणाला, “तुझ्यामुळे नाही, ताई. मी करून बघितलं नाही, म्हणून झालं.” आणि खारे दाणे संपलेत, येताना घेऊन ये, असं सांगितलं.

मोठी आवृत्ती यायला आठाचे दहा महिने लागले. रविवार होता. मी कपडे वाळत घालून आत आले तर तो कॉम्प्युटरपुढे बसलेला, कित्येक दिवसांनी. तिसरी वाटी आली होती. त्याने ती ओळ मला बोटाने दाखवली. कुणी लिहिली त्याचं नाव नव्हतं, ओळीओळीला नाव घालायची त्यांच्यात पद्धतही नाही म्हणे. पण ओळीच्या वर समजुतीसाठी जी टीप असते ती बदलायची राहून गेली होती. यादीत तीन प्रकार होते आणि टिपेत अजून ‘दोनपैकी एक’ असं होतं.

“मग कळव की त्यांना,” मी म्हटलं.

तेच तो करत होता. आता त्याला स्वतः काही बदलता येत नव्हतं. बाहेरचा कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, पण त्याआधी नवख्यांसाठी एक अर्ज भरावा लागतो. नाव, पत्ता, दुरुस्ती कोणती. तेवढं त्याने भरलं होतं. शेवटी एक चौकोन होता, त्यात खूण केली की काम झालं. पण खूण न करता त्याने दुसरं काहीतरी उघडलं होतं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला होता. ओठ हलत होते. मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि वाकून बघितलं. नवख्यांसाठी नियम, पानं सात.

“हे कुणी लिहिलंय?”

“मी. सहा वर्षं झाली.”

“मग वाचतोस काय? पाठ असतील तुला. खूण कर आणि ऊठ.”

तात्याने चहाचा कप थोडा बाजूला सरकवला.

“‘मी नियम वाचले आहेत’ असं लिहून द्यायचंय,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या पानावर गेला.